एक बोट पाणी आणि मबरूकाची पेटी

माझ्या नणंदेबद्दल, मबरूकाबद्दल, वाळवंटातल्या आमच्या तिगुरारमध्ये लोक दोन गोष्टी सांगतात. एक, ती चहात साखर घालत नाही. दुसरी, तिने राजधानीतून आलेल्या कंपनीचं नाक ठेचलं. पहिली खरी आहे, आणि मला अजून पटलेली नाही. दुसरी सांगताना लोक माझा भाग साफ गाळतात. चहाच्या दुकानात बसून माझ्याच देखत गाळतात! म्हणून म्हटलं, आता मीच सांगते.

आमचं पाणी जमिनीखालून येतं. जुन्या लोकांनी वाळूखालून खणत आणलेला बोगदा, फोगारा, गावाच्या डोक्यावर तोंड उघडतो. तिथे दगडाची लांब फणी आडवी बसवलेली आहे, आणि तिच्या दातांमधल्या फटींतून एकेका बागेचा पाट निघतो. बोगद्यातली वाळू उपसायला ज्याने जितके हात दिले, तितकी त्याची फट रुंद. फट बोटांनी मोजायची. कुणाची वीस बोटं, कुणाची चार.

माझे सासरे बुजेमा पाणी मोजणारे होते. त्या माणसाला आमच्याकडे कय्याल म्हणतात. भोकं पाडलेलं एक तांब्याचं ताट असतं, भोकं मातीने बुजवायची आणि एकेक उघडत पाणी मोजायचं. पण कय्याल एकटा काही करू शकत नाही. ताट एकाने धरायचं, हिशेब दुसऱ्याने वाळूवर मांडायचा आणि तिसऱ्याने फक्त बघायचं. तिघं जमले नाहीत तर माप होत नाही, मग पाणी डोक्यावरून वाहून गेलं तरी बेहत्तर.

मबरूका पाच वर्षांची असल्यापासून बापाच्या मागे फणीशी बसायची. माती मळून द्यायची, भोकं बुजवायची. कुठल्या पाटाला किती पाणी लागलंय ते ती नुसत्या आवाजावरून सांगायची, असं माझा नवरा बशीर म्हणायचा. तो तिचा धाकटा भाऊ. त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या, तरी पोरगी हुशार होती. ती एकोणीस वर्षांची असताना बुजेमा गेले, आणि ताट कुणाला द्यायचं म्हणून जमात, म्हणजे गावातल्या बाप्यांची बैठक, बसली. ताट गेलं त्यांच्या चुलतभावाला, बा हम्मूला. बा हम्मूला तेव्हाही धड दिसत नव्हतं. पण तो पुरुष होता ना!

मबरूका गावातून निघाली. ओरान शहरात जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकली, लग्न केलं, आठ महिन्यांत परत आली. "माणूस वाईट नव्हता, बोलायचा फार," एवढंच तिने सांगितलं. मग जवळच्या तिमिमूनच्या सरकारी शिकवणी केंद्रात नोकरीला लागली. मोबाइल दुरुस्ती, सौर पंप, असलं शिकवायची. डोक्याच्या रुमालात कायम एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. एकदा ईदच्या नमाजाला तशीच गेली, आणि सगळ्या बायकांनी मला सुनावलं, जणू तो मीच खोचला होता.

बशीर हासी मेसऊदच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला. मला दोन मुली. वाळू उपसायला घरात हात उरले नाहीत, तेव्हा पुढच्या मापात आमची फट सहा बोटांवरून दोनवर आली. नियम तो नियम, मी हूं की चूं केलं नाही. दोन बोटांत खजुराची झाडं जगतात. शेंगा, जव, कांदे जगत नाहीत. मुलींना काय खजूर चारू तिन्ही त्रिकाळ?

तर त्याच वर्षी वसंतात माझ्या पाटाला तीन बोटं पाणी आलं.

आमच्यात हे चालतं. भर दुपारी गाव झोपलेलं असताना कुणीतरी फणीपाशी जातं, दातावरची ओली माती खरवडतं, आणि आपल्या फटीतलं एक बोट दुसऱ्याच्या पाटाकडे वळवतं. देणारा सांगत नाही. घेणारा विचारत नाही. विचारलं तर त्याचा अपमान आणि कळलं तर आपला. मी मान वर न करता शेंगा पेरल्या. त्या शेंगांवर माझ्या मुली मोठ्या झाल्या.

तीन वर्षांपूर्वी ती कंपनी आली. सगळं फुकट, म्हणाले. प्रत्येक फटीत पाणी मोजणारा सेन्सर, वाफ्यावाफ्यात ओल मोजणारा, हौदात एक, पंपावर एक. खजुराच्या खोडाला कान लावून किडा ऐकणारासुद्धा एक. बा हम्मू म्हणाला, "आता माझ्या गाढवालाच तेवढा लावायचा राहिलाय." दुसऱ्या दिवशी खरंच लावला, कुठे कुठे चरतं ते बघायला.

यंत्रं चार कारखान्यांची, आणि एकाचं एकाला कळेना. एक बोलतंय लिटरमध्ये, एक मिनिटात, एक नुसतं लाल-हिरवं. तेव्हा मबरूकाने मशिदीच्या कोठीत एक जुना संगणक पेटीत घालून बसवला. सगळी यंत्रं त्या पेटीशी बोलणार, पेटी त्यांचं बोलणं आपल्या बोटांच्या मापात आणणार, आणि मग ज्याला जे हवं ते सांगणार. कागदावर या मधल्या कामाला मिडलवेअर म्हणतात. आमच्या गावाने नाव ठेवलं पेटीतला कय्याल. ताट मिळालं नाही, तर बाईने पेटीतच बाप बसवला, असं बायका म्हणायच्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि मग बाईने घोळ घातला. तो असा घातला की दुसऱ्या कुठल्या गावात कुणाच्या लक्षातही आला नसता. माप नेहमी सगळ्यांच्या समोर होतं, म्हणून आकडेही सगळ्यांच्या समोर हवेत, असं तिला वाटलं. फणीशेजारच्या भिंतीवर तिने मोठा पडदा लावला. प्रत्येक बागेचं नाव, हक्काची बोटं, आणि आता वाहणारी बोटं.

शुक्रवारी नमाजानंतर सगळं गाव पडद्यापुढे. फातना, बशीरची विधवा. हक्क दोन. वाहतंय तीन. शेजारी लाल अक्षरात अधिक एक. अशी अधिकवाली पाच नावं होती आणि उणेवाली सात. कुणाचं पाणी कुणाला ते कळत नव्हतं. पण घेणारे पाच कोण, ते वाचता येणाऱ्या प्रत्येक पोराला कळलं. लोक नुसते बाजूला झाले, मला वाट करून द्यायला. त्यापेक्षा कुणी थुंकलं असतं तर बरं झालं असतं.

मी घरी गेले नाही. सरळ बागेत गेले, मूठभर माती मळली आणि माझा पाट बुजवून टाकला. तीन बोटं नकोत, दोनही नकोत. तीन दिवस शेंगा माना टाकत होत्या आणि मी बघत बसले होते.

चौथ्या दिवशी मबरूका आली. "फातना, पाट उघड."

"कशाला? तुमच्या पडद्यावर शोभा कमी झाली का, लल्ला?" मोठ्या नणंदेला आमच्यात मानाने लल्ला म्हणतात.

"माझं चुकलं."

"चुकलं? अख्ख्या गावासमोर मला उघडं पाडलंत, आणि चुकलं? माझ्या पोरी शाळेत जातात. त्यांना वर्गात काय म्हणतात ठाऊक आहे? अधिक एक!"

ती मटकन माझ्या वाफ्यातच बसली. म्हणाली, "हक्क मोजायचा तो सगळ्यांसमोर. देणं कधीच सगळ्यांसमोर नव्हतं. मी बापाच्या शेजारी चौदा वर्षं बसले. दुपारी माती खरवडलेली दिसली की तो तोंड फिरवायचा, हे मी रोज बघितलंय. आणि पेटीला ते शिकवायचं विसरले."

"मग आता?"

"आता शिकवते. पाट उघड, हवं तर मला शिव्या दे."

मी दोन्ही केलं.

पुढच्या शुक्रवारी तिने सगळ्यांच्या देखत पडदा स्वतःच्या हाताने उतरवला. "मी चुकले, पाचही घरांची माफी मागते," असं मोठ्याने म्हणाली, आणि पाच घरांची नावं घेतली नाहीत. आमच्याकडे अशी माफी बाप्यांनीही कधी मागितलेली नाही. त्या दिवसापासून मी तिला मानायला लागले. तोंडावर अर्थात काही बोलले नाही, उगाच डोक्यावर बसायची.

मग चार महिने ती त्या कोठीत. नव्या पेटीत तिने काय केलं, ते तिने मला जेवताना समजावलं. मी कुसकुस वाढत होते आणि तिचं लक्ष ताटात नव्हतं. प्रत्येक यंत्राचं बोलणं यंत्रातच कुलूपबंद होतं. पेटीत येतं ते कुलपासकट. तुझा आकडा फक्त तुझ्या मोबाइलवर उघडतो, बा हम्मूचा बा हम्मूच्या. जमातीला फक्त एकूण पाणी कळतं. पेटी मध्ये बसून सगळ्यांचे निरोप पोचवते, पण निरोप वाचत नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मीही नाही."

"आणि उद्या भांडण झालं तर? पाणी चोरलं कुणी तर?"

"तर सगळं उघडायची एक किल्ली आहे. तिचे मी पाच तुकडे केलेत, पाच माणसांना देणार. तीन जमले तर कुलूप उघडतं, नाहीतर नाही. जसं ताट."

एक तुकडा बा हम्मूला, एक हाज मखलूफला, कारण त्याची वीस बोटं. एक इद्रीस मास्तरांना. एक गावच्या सुईणीला. पाचवा मला. "मला कशाला?" म्हटलं. "पडद्याने सगळ्यात जास्त कुणाला पोळलं?" ती म्हणाली. तुकडा म्हणजे चोवीस आकडे, कागदावर लिहायचे नाहीत. बा हम्मूने पाठ केले. मी आमच्या बायका करतात ते केलं. मागावर दोक्काली चढवलेली होती, लोकरीची, घरात अंथरायला. पट्ट्यांचे धागे त्या आकड्यांप्रमाणे मोजून घातले. चार लाल, सात काळे, एक पांढरा. जुळत नव्हते रंग, पण विणली.

मग आला इंजिनिअर रऊफ. कंपनीचा, राजधानीचा, बूट इतके स्वच्छ की वाळूलाही लाज वाटावी. गावाच्या कडेला, उजाड जमिनीवर, मोठं शेत होणार होतं, आणि शेताला हवं होतं पाणी. ते मिळायला कागद हवा होता, की तिगुरारच्या फोगाऱ्यात जास्तीचं पाणी आहे. जास्तीचं म्हणजे कुठलं? जे हक्कवाल्याने वापरलं नाही ते. म्हणजे जे त्याने दिलं ते. माझं ते एक बोट! आमची सात-आठ माणसं दुपारी गपचूप माती खरवडतात, ते यांच्या कागदावर उरलेलं पाणी होणार, आणि नळाने शेताला जाणार. आणि त्याआधी कोण कुणाला देतं याची यादी निघणार. वर्षाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कुठे उणं झालं की कुठे अधिक होतं, ते जुळतं. पेटी उघडली की माझं पाणी जातं आणि माझी अब्रू जाते, इतकं सरळ होतं.

जमातीपुढे रऊफ गोड बोलला. "तुमचा डेटा आमच्या सर्व्हरवर अगदी सुरक्षित राहील. आमची यंत्रं जगात नावाजलेली आहेत. या मधल्या पेटीची गरजच नाही."

मबरूका बायकांच्या बाजूने, भिंतीपाशी उभी होती. तिने मोबाइल काढला. "इंजिनिअर साहेब, तुमच्या विश्रामगृहातही हीच यंत्रं आहेत ना? पेटीशिवायची?"

"अर्थात."

"मग ती उघड्यावर बोलतात. मी सकाळी चहाच्या दुकानात बसून ऐकलं. काल तुम्ही तीन वेळा आंघोळ केलीत. सकाळी अर्धा तास, दुपारी वीस मिनिटं, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. माझ्या भावजयीच्या बागेतल्या एका वाफ्याचं दोन दिवसांचं पाणी."

मग बा हम्मू म्हणाला, "अरे बापरे, एवढा काय मळतोस रे बाळा?" आणि सगळी जमात हसली. हसून हसून हाज मखलूफच्या डोळ्यांत पाणी आलं. रऊफचे कान लाल झाले. तिथेच थांबायला हवं होतं, पण मबरूकाला कुठे थांबता येतं? म्हणाली, "हे मी एकदाच वाचलं, तुम्हाला दाखवायला. पुन्हा वाचणार नाही. तुमच्या सर्व्हरवर बसलेला माणूस मात्र आमचं रोज वाचेल."

पुढच्या आठवड्यात तिला नोटीस आली. सरकारी योजनेच्या यंत्रांत ढवळाढवळ केली म्हणून. महिन्याच्या आत पेटी उघडून द्या, नाहीतर शिकवणी केंद्रातली नोकरी गेली समजा. तिने नोटीस वाचली, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या मागाच्या पायाखाली सरकवली. "द्यायला माझ्याकडे काही नाहीच," म्हणाली. "तुकडे पाच जणांकडे आहेत."

मग रऊफ दारोदार निघाला. हाज मखलूफ पहिल्याच दिवशी वाकला. शेतात त्याच्या मुलाला मुकादम करणार होते. इद्रीस मास्तरांना शाळेत संगणकांची खोली मिळणार होती, त्यांना दोन रात्री झोप लागली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा दिला. मी त्यांना दोष देत नाही. खोटं, देते. सुईण ओरानला लेकीकडे जाऊन बसली होती, फोन उचलत नव्हती. बा हम्मू म्हणाला, "आकडे? कसले आकडे? बाळा, मला काल काय जेवलो ते आठवत नाही." रऊफ त्याच्याकडे चार वेळा गेला. चारही वेळा म्हाताऱ्याने त्याला बुजेमाच्या लग्नाची गोष्ट सांगितली, अगदी जेवणावळीत कोण कुठे बसलं होतं ते धरून.

दोन तुकडे जमले होते. तिसरा माझा.

रऊफ दुपारी आला. पाहुणा तो पाहुणा, मी दोक्काली अंथरली, चहा ठेवला. पहिला पेला कडू, दुसरा मध्यम. तो मोकळेपणाने बोलला, ते मला आवडलं, खरं सांगते. म्हणाला, "फातनाबाई, तुमच्या नावावर दोन बोटं आहेत. एक दुसऱ्याच्या मेहरबानीवर. तो उद्या मेला, किंवा त्याचं मन फिरलं, तर? आम्ही तुम्हाला नळ देतो. तीन बोटांइतकं पाणी, कायमचं, तुमच्या नावाने, सहीशिक्क्याचं. कुणाचे उपकार नाहीत."

मी किटली पुन्हा निखाऱ्यावर ठेवली.

"आणि हवं असेल तर तो कोण आहे तेही कळेल. तुम्हाला जाणून घ्यायचं नाही?"

नाही कसं! अकरा वर्षं मी त्या सात उणेवाल्यांच्या तोंडाकडे... नाही, पडद्याच्या आधी तर सगळ्याच गावाच्या तोंडाकडे बघत आले होते. लग्नात, मय्यतीत, दुकानात. हा का? ही का? कुणी जरा प्रेमाने बोललं की वाटायचं, हाच. कुणी तिरकं बोललं की वाटायचं, हाच असेल आणि आता मनात मोजत असेल. हे ओझं किती आहे ते ज्याने घेतलंय त्यालाच माहीत. मी तिसरा पेला ओतला, म्हटलं, "उद्या सांगते." तो उठला. ज्यावर तो तासभर मांडी घालून बसला होता, तीच दोक्काली झटकून मी गुंडाळून ठेवली. चार लाल, सात काळे, एक पांढरा.

आणि तशीच तरातरा मबरूकाच्या कोठीत गेले. "सांग मला," म्हटलं. रागात मी तुम्ही-बिम्ही सगळं विसरले. "कोण देतं मला पाणी?"

"माहीत नाही."

"खोटं बोलू नकोस! पडदा तूच लावला होतास. सगळे आकडे तुझ्याकडे होते."

"होते. पडदा उतरवला त्याच दुपारी पुसले. न बघता पुसले, फातना. बापाने तोंड फिरवलं तसं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मला दिसतच नाही. मी तसंच बांधलंय. माझ्या गळ्यावर सुरी ठेवली तरी सांगता येणार नाही."

"मग एवढी चार महिने डोळे फोडून केलेली पेटी, तिचा तुला स्वतःला उपयोग काय?"

ती हसली. "तू माझ्याशी भांडायला येतेस आणि मी तुझ्या तोंडाकडे सरळ बघू शकते. हा." मग हळूच म्हणाली, "तुला नळ घ्यायचा असेल तर घे. मी रागावणार नाही. तुकडा तुझा आहे, मी मागायला येणार नाही."

तिने 'देऊ नकोस' म्हटलं असतं तर मी कदाचित दिलाही असता, हट्टाने. माझा स्वभाव तसाच आहे. पण तिची नोकरी जाणार होती आणि ती मला एका शब्दानेही धरत नव्हती. मी परत आले. बागेच्या कुडाशी आले, तर माझ्या पाटाला पाणी खळखळत होतं. तीन बोटं. मी आत जाऊन शेंगांपाशी बसले. इतकी रडले, इतकी रडले, की धाकटीला वाटलं विंचू चावला.

दुसऱ्या दिवशी फणीपाशी जमात बसली. रऊफने संगणक उघडला होता, दोन तुकडे घातलेले होते, तिसऱ्याची जागा रिकामी. त्याने माझ्याकडे बघितलं. बायका जमातीत बोलत नाहीत, भिंतीशी उभ्या राहतात. मी भिंत सोडली आणि थेट फणीपर्यंत चालत गेले.

"सगळ्यांना माहीत आहे, मी अधिक एक आहे," मी म्हटलं. पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "पडद्यावर वाचलंत ना? मग आता माझ्या तोंडून ऐका. अकरा वर्षं मी दुसऱ्याचं पाणी घेते. मुली त्यावर वाढवल्या. मला लाज वाटत होती, आता वाटत नाही. हे पाणी उरलेलं नाही! हे दिलेलं आहे. देणाऱ्याने तोंड लपवून दिलं, आणि मी तुम्हाला त्याचं तोंड उघडून देणार नाही. तुमचा नळ तुमच्या शेताला लावा. माझा तुकडा मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही. माझ्या घरावर जप्ती आणा, जा!"

रऊफ म्हणाला, "बाई, शांतपणे विचार करा."

"केला! काल रडून केला. आता पुरे."

तेवढ्यात बा हम्मू काठी टेकत उभा राहिला. "मला आकडे आठवले," म्हणाला. रऊफ पुढे झाला. बा हम्मूने डोळे मिटले आणि चोवीसच्या चोवीस आकडे मनातल्या मनात म्हटले, नुसते ओठ हलत होते, सगळी जमात बघत होती. मग डोळे उघडून म्हणाला, "आहेत सगळे. पण द्यायचे नाहीत, फातना म्हणते. तिसरा माणूस नाही तर माप नाही." आणि खाली बसला.

हाज मखलूफ जमिनीकडे बघत होता. इद्रीस मास्तर उठून निघून गेले.

कंपनीने रागाने आपली यंत्रं काढून नेली. गाढवाचंसुद्धा काढून नेलं. मबरूकाची नोकरी गेली, नोटिशीत लिहिलं होतं त्याच तारखेला. आता ती तिमिमूनच्या बाजारात टेबल मांडून मोबाइल दुरुस्त करते. त्यातून उरलेले सुटे भाग जमवून तिने स्वतःचे सेन्सर बनवले, ओबडधोबड, प्लॅस्टिकच्या डब्यांत बसवलेले, पण पेटीशी कुलूप लावूनच बोलतात. आकडे सगळे नवे, तुकडे नवे. म्हणून तर दोक्कालीचं तुम्हाला सांगितलं. आता पाच माणसांत मखलूफ नाही. मास्तर आहेत, मबरूकानेच घेतलं परत. "एकदा लाजलेला माणूस दुसऱ्यांदा नीट सांभाळतो," म्हणाली. मला नाही पटलेलं.

शेत झालं नाही. वाळू आहे तिथेच आहे.

मागच्या थंडीत फोगारा उपसायची वेळ आली तेव्हा मी दोर ओढायला गेले. बाई दोर ओढते म्हणून दोघं-तिघं कुरकुरले. मबरूका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, रुमालात तो स्क्रू-ड्रायव्हर, आणि दोराला हात घातला. मग कुरकुर थांबली. एकवीस दिवस ओढला. मापाच्या दिवशी बा हम्मूने ताट धरलं, मास्तरांनी वाळूवर हिशेब मांडला, आणि तिसरं बघायला कोण, म्हणून शोधाशोध झाली, तर म्हातारा म्हणाला, "मबरूका बघेल. तिला डोळे आहेत." माझी फट दोनाची अडीच बोटं झाली. अर्धं बोट माझं स्वतःचं, माझ्या हातांचं.

परवा भर दुपारी, गाव झोपलं असताना, मी फणीपाशी गेले. उन्हाने दगड तापला होता. दातावरची माती ओली होती, नखाने सहज निघाली. माझ्या फटीतलं अर्धं बोट मी दुसऱ्या एका पाटाकडे वळवलं आणि वळून न बघता घरी आले.

कुणाच्या पाटाकडे ते विचारू नका. मी मबरूकालाही सांगितलेलं नाही, आणि तिच्या पेटीला ते दिसत नाही.